बर्फातलं बिऱ्हाड

नवी मुंबईत हल्ली कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभं राहून दारांकडे पाहा. चारातल्या एका दाराला तरी कुलूप असतं आणि शेजारीण सांगते, "अहो, ते दोघं मुलाकडे गेलेत कॅनडाला. नातू झाला ना!" तुमच्याही नात्यात असं एखादं घर असेलच. कदाचित ते तुमच्या आईवडिलांचं असेल, कदाचित सासूसासऱ्यांचं. मुलगा-सून दोघं नोकरीवर जाणार, तान्ह्या बाळाला बघायला कोणी नाही. मग साठी-पासष्टी ओलांडलेलं जोडपं दोन-दोन बॅगा भरतं आणि उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ शहरात नवं बिऱ्हाड मांडायला निघतं.

आपण त्यांना निरोप द्यायला विमानतळावर जातो. लाडू-चिवडा बांधून देतो. पण तिथे ती माणसं रुळतात कशी, याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. फोनवर आपण विचारतो, "थंडी फार आहे का हो?" पलीकडून उत्तर येतं, "आहे बाई, पण घरात हीटर असतो." झालं, विषय संपला.

खरं तर विषय तिथून सुरू होतो. म्हणून मैत्रिणींनो, आमच्या घरची हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटली.

माझे सासूसासरे, म्हणजे आमच्या घरातले आई आणि नाना, दोघंही शिक्षक. नाना हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे, आईंनी प्राथमिक शाळेत 31 वर्षं काढली. निवृत्तीनंतर नेरुळच्या घरात आमच्याबरोबर राहत होते. नानांची रोज पहाटे 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या तळ्याभोवती फेरी, मग बाकावर मित्रमंडळींत राजकारण. आईंचं गुरुवारचं भजन, संध्याकाळी सोसायटीतल्या दोन-तीन मुलांचा अभ्यास. मी बीए झालेली, अर्धवेळ शिकवते. दुपारी मी शाळेतून येईपर्यंत कुकर त्यांनी लावलेला असायचा. ऑक्टोबर 2023 मध्ये ते दोघं धाकट्या दिरांकडे टोरांटोला गेले. टोरांटोच्या स्कारबरो भागात दिरांचं घर आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण पुष्कळ जणी विचारतात. कॅनडात आईवडिलांसाठी 'सुपर व्हिसा' नावाची सोय डिसेंबर 2011 पासून आहे. जुलै 2022 पासून त्यावर एका वेळी सलग 5 वर्षंसुद्धा राहता येतं. मात्र मुलाची मिळकत ठराविक मर्यादेच्या वर असावी लागते, वैद्यकीय तपासणी होते आणि निदान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा आरोग्य विमा दाखवावा लागतो. या विम्याकडे नीट लक्ष द्या. सरकारी आरोग्य योजनेत ही मंडळी बसत नाहीत. साखर, रक्तदाब असे जुने आजार असतील तर ते किती महिने 'स्थिर' असायला हवेत, याच्या अटी प्रत्येक पॉलिसीत वेगळ्या असतात. गोळी बदलली किंवा मात्रा वाढवली तरी काही ठिकाणी त्याला अस्थिर म्हणतात. तेव्हा कागद वाचल्याशिवाय सही करू नका. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला परदेशातून कसा द्यायचा, हेही निघण्याआधी बँकेत विचारून ठेवा.

आता कपड्यांचं. आपली समजूत अशी, की एक भला जाड कोट घेतला की थंडी पळाली. पण थंडीला अडवतो तो कोट नव्हे, कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा. आजीच्या गोधडीचं तत्त्व तेच. जुन्या पातळांचे चार पदर एकावर एक. तसंच अंगावर थर हवेत. अगदी आत अंगाला लागून सुती बनियन नको, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं अंग लवकर गार पडतं. तिथे लोकरीचा किंवा त्यासाठी मुद्दाम मिळणारा पातळ कपडा हवा. मधे लोकर, बाहेर वारा न शिरणारं जाकीट. पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चारी बोटं एकत्र राहतात ते पिशवीसारखे हातमोजे अधिक ऊबदार. आणि बूट इथून घेऊन जाऊ नका. बर्फावर न घसरणाऱ्या तळव्याचे बूट तिथेच पायात घालून बघून घ्यावेत.

टोरांटोत जानेवारीतल्या रात्री पारा सरासरी उणे सात ते नऊपर्यंत उतरतो, एखाद्या लाटेत उणे वीसही होतो. एका हिवाळ्यात मीटरभराहून अधिक बर्फ पडतो. शिवाय वारा. वाऱ्यामुळे थंडी जितकी जास्त बोचते तो आकडा तिथे रोज वेगळा सांगतात, त्याला 'विंडचिल' म्हणतात. हा आकडा उणे 28 पर्यंत उतरला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, असा तिथल्या हवामान खात्याचा इशारा असतो. पण म्हाताऱ्या माणसांना खरी भीती पांढऱ्या भुसभुशीत बर्फाची नाही. रस्त्यावर पाण्याचा पातळ थर गोठतो, काचेसारखा. खालचा काळा रस्ता दिसतो आणि बर्फ दिसतच नाही. त्यावर पाय पडला की खुब्याचं हाड गेलंच. नाना म्हणतात, "हातात पिशवी नको, खिशात हात नकोत, आणि बदकासारखी लहान लहान पावलं टाकायची."

स्वयंपाकघराची तऱ्हा निराळीच. विजेची शेगडी बंद केली तरी तापलेलीच राहते, त्यामुळे आईंच्या पहिल्या आठ दिवसांतल्या फोडण्या करपल्या. घरात मजल्यामजल्यावर धुराचा भोंगा असतो. तिथे तो कायद्यानंच सक्तीचा आहे. मिरचीची फोडणी दिली की हा भोंगा केकाटायला लागायचा आणि नाना खुर्चीवर चढून वर्तमानपत्रानं त्याला वारा घालायचे! विरजण लागेना, तेव्हा ओव्हनमधला नुसता दिवा लावून आत भांडं ठेवायचं, हे जावेनं शिकवलं. हीटरच्या कोरड्या हवेनं टाचा फुटतात, ओठ उलतात, नाकातून रक्तसुद्धा येतं. खोलीत हवा दमट करणारं यंत्र ठेवावं लागतं.

हे सगळं जमलं. या वयातही माणूस नवी शेगडी शिकतो, बूट बांधायला शिकतो. आईंनी नेसणीच्या साडीला महिनाभरात रजा दिली आणि उबदार विजार नि लांब झगा घालायला लागल्या. "आनंदीबाईंनीसुद्धा नेसण बदललीच ना," असं त्याच मला फोनवर म्हणाल्या.

ते खरंच आहे. आनंदीबाई जोशी 1883 साली, अठराव्या वर्षी, कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्यांच्या जाण्याला कारण झाला तो कोल्हापुरात राहिलेल्या वाइल्डर या मिशनऱ्याशी गोपाळरावांनी केलेला पत्रव्यवहार. तो तिकडच्या मिशनरी मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीच्या मिसेस कार्पेंटर यांनी वाचला. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीनं पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून आनंदीबाई गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. त्यांच्या राहत्या खोलीतली शेकोटी धुरकटायची. एक तर धूर सोसायचा, नाहीतर थंडी. 1886 च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी 1887 मध्ये, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, पुण्यात क्षयानं गेल्या. तेव्हा थंडीला कुणी हसण्यावारी नेऊ नये. ऊब आणि पोटभर चांगलं अन्न आधी. बाकी सगळं मागून.

पण ऊब मिळाली म्हणजे माणूस रुळला, असं मात्र नाही.

पहिल्या डिसेंबरात दिवस आखडले. टोरांटोत डिसेंबरातला दिवस जेमतेम नऊ तासांचा. पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. आपल्याकडे त्या वेळी भाजीला निघायचं असतं. मुलगा-सून सकाळी सातला बाहेर पडत, सहाच्या पुढे घरी येत. मधले अकरा तास घरात दोन म्हातारी माणसं, एक बाळ आणि खिडकीबाहेर पांढरं. ना दाराची बेल, ना भाजीवाल्याची हाक, ना समोरच्या गॅलरीतली कोणी. नेरुळला तासभर चालणारे नाना आता फ्रीजपासून खिडकीपर्यंत येरझारा घालायचे.

आणि जानेवारीत मिरजेची मावशी गेली. आईंची पाठची बहीण. इथे पहाट होती, तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ. हिवाळ्यात आपल्या आणि त्यांच्या घड्याळात साडेदहा तासांचं अंतर असतं. मिळेल ते विमान धरलं तरी पोचायला दोन दिवस, आणि बाहेर बर्फ पडत होता. जाणं झालंच नाही. फोनच्या एवढ्याशा चौकोनात त्यांनी बहिणीचं शेवटचं दर्शन घेतलं. जावेनं त्या रात्री त्यांना जवळ घेतलं, पण दुसऱ्या दिवशी सातला तिला कामावर जायचंच होतं. आपल्याकडे माणूस गेलं की बायका येऊन बसतात, कोणी पिठलं-भात आणून देतं, तेच तेच दहादा बोललं जातं आणि त्या बोलण्यातच दुःख थोडं थोडं झिजतं. आईंना तिथे रडायला गळा नव्हता.

त्यानंतर त्यांचं बोलणं आटलं. मी विचारायची, "आज काय केलंत?" त्या म्हणायच्या, "काही नाही ग." जेवण कमी झालं. बाळाचं सगळं वेळच्या वेळी करत, पण गाणं म्हणायच्या बंद झाल्या. हिवाळ्यात उजेड कमी मिळाला की येणारी उदासी हा डॉक्टरांच्या ओळखीचा आजार आहे. दिवसाउजेडी थोडं तरी बाहेर पडावं, असं ते सांगतात. ऊनच नाही म्हटल्यावर 'ड' जीवनसत्त्वही मिळत नाही. कॅनडात पन्नाशीच्या पुढच्या माणसांना रोज 400 युनिटांची गोळी घ्यायचा सल्ला सरकारच देतं. तुमच्याकडची मंडळी जाणार असतील तर इथल्या डॉक्टरांना विचारून तेही ठरवून ठेवा. आमच्याकडे गोळी सुरू झाली, पण मूळ दुखणं वेगळंच होतं.

फेब्रुवारीत आम्ही सगळे फोनवर बसलो. ह्यांचं म्हणणं, दोघांना ताबडतोब परत आणू. दिरांचं म्हणणं, बाळ वर्षाचं तरी होऊ दे. दोघा भावांचा आवाज चढायला लागला. तेव्हा जाऊ म्हणाली, "वहिनी, मी सहाला घरी येते तेव्हा दोघांचे चेहरे बघवत नाहीत. पण मी घरी बसले तर घराचा हप्ता कुठून भरू?" तिचंही काही चुकत नव्हतं. सुनेनं सासूला राबवून घेतलं, अशी गोष्ट सांगायला सोपी असते. पण तिथे ती पोर स्वतःच पिळून निघत होती.

शेवटी नाना बोलले. नाना फार बोलत नाहीत. म्हणाले, "थंडीचं काही नाही रे. आम्ही इथे पाहुणे नाही आणि घरचेही नाही. पाहुण्याला परत जायचा दिवस ठाऊक असतो आणि घरच्या माणसाला त्याचं काम. आम्हाला दोन्ही ठाऊक नाही."

बाळ सांभाळणं हे काम नव्हे का, असं तुम्ही म्हणाल. ते तर केवढं मोठं काम. पण ते मुलांच्या गरजेचं. त्याच्या वेळा त्यांनी ठरवलेल्या आणि त्यातून बाहेर पडायला वाट नाही. ज्यासाठी कोणीतरी आपलं नाव घेऊन वाट बघतं, असं आपलं म्हणून एक काम लागतं.

मला तेव्हा आईंच्या माहेरची, मिरजेची आठवण झाली. सांगली-मिरजेच्या बायकांना वानलेसवाडी हे नाव सांगायला नको, पण ते कुणावरून पडलं हे पुष्कळांना ठाऊक नसतं. विल्यम वानलेस हे डॉक्टर जन्मले कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, म्हणजे ज्या प्रांतात आज आमचे आई-नाना राहतात तिथेच. 1889 साली ते पत्नी मेरीसह मिशनरी म्हणून सांगलीला आले. पुढे मिरजेला 1894 मध्ये त्यांचं रुग्णालय उभं राहिलं आणि सगळ्या दक्षिण महाराष्ट्राचे रोगी तिथे येऊ लागले. चाळीसएक वर्षं ते इथे राहिले. धर्मप्रसाराबद्दल आपलं मत काहीही असो; पण बर्फातून उठून आपल्या उन्हाळ्यात आलेलं ते जोडपं इथे टिकलं कशाच्या बळावर? पंख्यावर तर नक्कीच नाही! मिशनऱ्यांची रीतच अशी, की आल्याबरोबर गावची भाषा शिकायची आणि नेमून घेतलेल्या कामाला लागायचं. पहाटे दारात रोगी उभा असला की परका मुलूख परका राहत नसणार.

आमचे आई-नाना काही वानलेस नव्हेत. पण हा विचार मी फोनवर बोलून दाखवला आणि त्यावर नाना बऱ्याच दिवसांनी हसले. "म्हणजे आता आम्ही मिशनरी व्हायचं तर!"

मग एकेक गोष्ट ठरली. तुम्हाला क्षुल्लक वाटतील, पण ऐका. घराची एक-एक किल्ली दोघांच्या हातात वेगवेगळी दिली. तोवर एकच किल्ली होती, तीही खुंटीला. दोघांचे फोन स्वतंत्र केले आणि फोनच्या पाकिटात घरचा पत्ता लिहून ठेवला. बस-रेल्वेचं 'प्रेस्टो' कार्ड काढून दिलं. पासष्टीपुढे भाड्यात सवलत असते. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठराविक पैसे आईंच्या हातात वेगळे आणि नानांच्या हातात वेगळे द्यायचे, असं दिरांनी स्वतःच ठरवलं. ज्या बाईनं 31 वर्षं स्वतःच्या पगाराची सही केली, तिला दोन डॉलरच्या कोथिंबिरीसाठी मुलाकडे बघावं लागत होतं, ते थांबलं. आणि शनिवार-रविवार बाळ आईबापांचं, हा नियम झाला. पुढे बाळ मोठं झाल्यावर आठवड्यातले तीन दिवस पाळणाघर सुरू केलं.

नाना आधी बाहेर पडले. हिवाळ्यात तिथली म्हातारी माणसं दुकानं उघडायच्या आधी मॉलमध्ये चालायला जातात, हे त्यांना कळलं. आत ऊबही असते आणि पाय घसरायची भीती नाही. स्कारबरो टाउन सेंटरमध्ये त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि आठवड्याभरात बाकावरची मंडळीही जमली. एक पंजाबी, एक चिनी, एक गयानाचे. राजकारण तेच, फक्त देश वेगळे! मग सार्वजनिक वाचनालय. टोरांटोत त्याच्या 100 शाखा आहेत, तिथे राहणाऱ्याला सभासदत्व फुकट, आणि दुपारभर उबेत बसलं तरी कोणी ऊठ म्हणत नाही.

आईंची वाट वेगळी. स्कारबरोत श्रीलंकेहून आलेले तमिळ लोक फार. दोन घरं सोडून राहणाऱ्या एका तमिळ आजींनी एके दिवशी कुंपणावरून कढीपत्त्याची डहाळी दिली. दुसऱ्या दिवशी आईंनी वाटीत आमटी नेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, इंग्रजी दोघींचं बेताचं. तरी तासतासभर बसतात. त्या आजींचाही भाऊ तिकडे गेला, यांना जाता आलं नाही, हे आईंना कळलं. कसं कळलं विचारलं तर म्हणाल्या, "त्यात भाषा कशाला लागते?"

आणि मग आली मराठी शाळा. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची मिळून एक मोठी संस्था आहे, बृहन्महाराष्ट्र मंडळ, 1981 साली स्थापन झालेली. ठिकठिकाणी मराठी शाळा चालतात, पालकच स्वयंसेवक म्हणून शिकवतात. अशाच एका रविवारच्या वर्गात 2024 च्या सप्टेंबरात आई-नानांना कुणीतरी नेलं. सुपर व्हिसावर पगारी नोकरी करता येत नाही, पण इथे पगाराचा प्रश्नच नव्हता. आई नुसती गोष्ट सांगायला म्हणून गेल्या. पहिल्याच दिवशी एक सहा वर्षांचा मुलगा त्यांना म्हणाला, "आजी, मी थंड आहे."

आई म्हणाल्या, "अरे, तू कुठे थंड आहेस? तुला थंडी वाजतेय!"

पोरं हसली. थंडी 'वाजते' कशी, ढोल आहे का, असं एकीनं विचारलं. मग आईंनी फळ्यावर लिहूनच दिलं: थंडी वाजते, भूक लागते, ऊन लागतं, झोप येते, आठवण येते. त्या रात्री मला फोन आला तो वीस मिनिटांचा. "अग, 'ळ' म्हणताच येत नाही ग कुणाला. 'कमळ'चं 'कमल' करतात. बाराखडीच्या आधी तोंडी गाणी घ्यायला हवीत." मी घड्याळ पाहिलं, माझी शाळेची वेळ होत आली होती. पण फोन खाली ठेवायचं धाडस झालं नाही.

आता दर रविवारी चौदा मुलं. नाना पाढे शिकवतात. एकोणतीस, एकोणचाळीस म्हणताना मुलांची आणि त्यांच्या बापांचीही तारांबळ उडते. फेब्रुवारी 2025 मध्ये टोरांटोत एका आठवड्यात दोन मोठी बर्फवादळं झाली, दारापुढे गुडघाभर ढीग साचला. त्या रविवारी आईंनी एकेका मुलाला फोन लावून गृहपाठ दिला. ज्या बर्फाकडे वर्षापूर्वी त्या गप्प बसून बघत होत्या, तो आता 'शाळेला सुट्टी पाडणारा मेला बर्फ' झाला. माणूस एखाद्या ठिकाणच्या हवेला हक्कानं शिव्या द्यायला लागला की समजावं, रुळला.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. नानांचा गुडघा थंडीत धरतो. विम्याचे पैसे दर वर्षी मोजताना दिरांच्या कपाळाला आठी पडतेच. एका स्वयंपाकघरात दोघी म्हटल्यावर मिठाचा डबा कुठे ठेवायचा, यावरूनही रुसवेफुगवे होतात. घरोघरी मातीच्या चुली, तिथे विजेच्या, एवढंच. आणि सुखदुःखाला पोचता न येण्याचं दुःख कुठलंच कार्ड आणि कुठलीच किल्ली भरून काढत नाही. 2025 च्या पावसाळ्यात ते दोघं अडीच महिने इथे आले, तेव्हा आई सामान उघडायच्या आधी मिरजेला गेल्या. मावशीच्या घरी तिच्या लेकीसुनांबरोबर चार दिवस राहिल्या, रडायचं राहिलेलं रडून आल्या. परत जायचं की नाही, हे आम्ही त्यांच्यावर सोडलं होतं. सप्टेंबरात निघताना त्यांच्या बॅगेत वीस अंकलिप्या होत्या.

म्हणून सांगते, तुमच्या घरून कुणी जाणार असेल तर कोट-बुटांची यादी अवश्य करा, विम्याचे कागद दोनदा वाचा. पण तिकीट काढण्याआधी तिकडच्या मुला-सुनेशी, किंवा लेकी-जावयाशी, एकदा शांतपणे बोला. किल्ली कुणाकडे असेल? हातखर्चाला पैसे किती आणि कसे? आठवड्यातले कुठले दिवस त्यांचे स्वतःचे? चालत जाता येईल असं वाचनालय, देऊळ, बाग, काय आहे? मराठी मंडळ किती लांब, आणि न्यायला-आणायला कोण? इकडे कुणाचं काही बरंवाईट झालं तर एकट्यानं विमान धरायची सोय काय? आणि परतीचा दिवस कोण ठरवणार? तो ठरवण्याचा हक्क त्यांच्याकडेच असू दे. परत यायची मुभा असली की माणूस आनंदानं राहतो.

तिकडे सून असेल तर तिच्यावर राग धरू नका, ती एकटी आहे. आणि जाणाऱ्यांनाही एक सांगा, की जाताना आपली विद्या बरोबर न्या. कुणाला भजन येत असेल, कुणाला विणकाम, कुणाला हिशेब, कुणाला पुरणपोळी. कपड्यांच्या वजनात ती धरत नाहीत आणि विमानतळावर त्याचे जादा पैसेही पडत नाहीत. तिथे पोचल्यावर महिन्याभरात ती विद्या कुणाच्या तरी कामी येईल एवढं बघा. म्हणजे मग तुम्ही फोन कराल तेव्हा पलीकडून ऐकू येईल, "आत्ता नको ग, मी घाईत आहे. मुलं यायची वेळ झाली."